किरकोळ सुधारणा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
आमच्या दारातली गाडी सुधारली.
मी झोपले होते. हडर्सफील्ड झोपलं होतं.
चढावरच्या काळ्या दगडी घरांवर हिव उतरत होतं
आणि कुठून तरी, कुणी तरी,
एक टाका उसवला, एक घातला.

सकाळी काचेवर बर्फाची साय
आणि वायपरचं बटण जागेवर नाही.
दीड वर्षात बोटाला पाठ झालं होतं ते,
अंधारात जिन्याचा दिवा सापडावा तसं सापडायचं.
आता तिथे हवामान दिसतं:
बाहेर उणे दोन.
हे मला नाकाने आधीच सांगितलं होतं.

पडद्यावर एवढीच ओळ: किरकोळ दोष दूर केले आहेत.
कोणते, ते नाही.
माझी धाकटी जाऊ अशीच एकदा
मी कामावर असताना स्वयंपाकघर लावून गेली होती.
‘काही नाही गं, जरासं आवरलं.’
हिंग मला थेट संक्रांतीला सापडला.

पूर्ण भरल्यावर दोनशे बारा मैल म्हणायची ही.
आज एकशे अठ्ठ्याण्णव.
हेल्पलाइनवरचा मुलगा फार गोड बोलला:
मैल कमी झालेले नाहीत, मॅडम,
अंदाज आता जास्त प्रामाणिक आहे.
म्हणजे दीड वर्ष
मला बरं वाटावं म्हणून बोलत होती तर.
असू दे, माणसंही बोलतात.
पण चौदा मैलांत हॅलिफॅक्सला जाऊन
जवळजवळ परत येता येतं.

शेजारचे ॲक्रॉइड कुंपणाशी, हातात चहाचा मग.
चाळीस वर्षं बस डेपोत इंजिनं उघडली,
नखांच्या कडा अजून काळ्या.
‘आज काय नेलं गं त्यांनी, लव्ह?’
गाडी आणली त्या दिवशी
मी त्यांना बॉनेट उघडून दाखवलं होतं.
आत नुसता रिकामा खण.
विहिरीत घागर पडल्यावर वाकतात
तसे ते वाकून बघत राहिले बराच वेळ.
मग म्हणाले, आमच्या वेळी
गाडीला हात लावायचा तर माणसाला
निदान फाटकातून आत यावं लागायचं.

आज आपणहून काच खरवडायला आले,
जुन्या कॅसेटचं झाकण घेऊन.
अर्ध्यातच दम लागला.
हात कोटाच्या डाव्या बाजूला गेला, तिथेच थांबला.
‘ऑगस्टमध्ये बसवलाय.
पलंगाशेजारी एक डबी दिलीय हॉस्पिटलने,
मी झोपलो की ती लीड्सला कळवते
दिवसभरात किती ठोके चुकले.’
बोलता बोलता त्यांनी फाटकाकडे पाहिलं.
कडी लावलेली होती.

विचारावंसं वाटलं,
सकाळी उठल्यावर सगळं जागेवर असतं का?
त्याऐवजी म्हटलं, बसा ना आत, गरम आहे.
पहिल्यांदाच बसले. गुडघे दुमडून,
परक्याच्या दिवाणखान्यात बसल्यासारखे.
मग चष्मा कपाळावर चढवून
त्या काळ्या नखाने पडदा उलटापालटा केला
आणि तिसऱ्या कप्प्यात, दिव्यांच्या खाली,
वायपर सापडला.
कोरड्या काचेवरून एकदा करकरत गेला, परत आला.
‘आहे अजून,’ ते म्हणाले.
कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

आज पुन्हा निरोप आलाय: नवी आवृत्ती तयार आहे.
आत्ता की नंतर?
मी रात्रीचे दोन दिले.
आमच्या आणि त्यांच्या झोपायच्या खोलीत
एकच भिंत आहे, विटेची, पातळ.
त्यांचा खोकला ऐकू येतो, डबीचा दिवा दिसत नाही.
खाली चार्जरचा हिरवा ठिपका
उघडझाप करत बसलाय.

दिवा मालवला, पांघरूण घेतलं,
आणि पुन्हा उठून, उगाच,
हिंगाची डबी जागेवर आहे ना
ते बघून आले.