छाट

हजारातल्या साठ विड्या सट्टेदार बाजूला सारायचा.
"छाट," म्हणायचा. मजुरी नाही.
आणि संध्याकाळी त्याच साठ
त्याच्याच कट्ट्यांत बांधल्या जायच्या.
हे मला पंचफुला गजभियेनं दाखवलं,
तांडापेठेत, सत्त्याऐंशी साली,
मांडीवर सूप, दातांत दोरा,
माझ्याकडे न बघता.
मी नवीकोरी वही घेऊन गेले होते.
"लिहून काय होते व बाई? मोज."

मोजलं. अकरा वस्त्या, चारशे सुपं.
मे महिन्यात कामगार आयुक्तांच्या दारात
घामानं चिकटलेली पानं सोडवत वाचलं.
साठाचे चाळीस झाले.
त्या रात्री पाव किलो लाडू
तीस जणींनी खाल्ले.

मोजता येतं म्हणून मला पुढं पाठवलं.
दिल्ली, ढाका, मग जिनिव्हा,
जिथं कानाला यंत्र लावून लोक ऐकतात.
मी छाट म्हटलं.
दुभाषी थबकला,
आणि सगळ्यांच्या कानात कचरा पोचला.
मी हात वर केला : कचरा नव्हे हो,
तो विकला जातो.
अध्यक्ष म्हणाले, नोंद घेतली आहे.
बाहेर तळ्यात हंस होते. मला भूक लागली होती.

नंतरची नऊ वर्षं एका शब्दात गेली.
"मालकाने शक्यतो पूर्ण मजुरी द्यावी."
मसुदा सातवा, मसुदा बारावा,
सचिव बदलले, त्यांचे चष्मे बदलले,
शक्यतो जागचा हलेना.

या डिसेंबरात अधिवेशनात तो निघाला.
मी टेकडी रोडवर धावत आले,
गळ्यात पास, कठड्याच्या आतून.
पलीकडे पंचफुला, कानाला मफलर,
बोटांची टोकं अजून तंबाखूची.
"काढला," मी म्हटलं.
"किती अक्षरं होती?"
"तीन."
"नऊ वर्साची तीन?" तिनं बोटं मोडली.
"लय हळू चालते तुहा हात.
धर हे. पानी पिऊन येतो."

झेंड्याची काठी माझ्या हातात आली,
कापड कठड्यापलीकडे राहिलं.
मला धड उभं राहता येईना.
हवालदार जवळ आला, अदबीनं म्हणाला,
"मॅडम, शक्यतो आतच थांबा."

पंचफुलाला ठसका लागला.
पाणी नाकातून आलं, मफलर भिजला,
"अव माय," ती म्हणाली,
"हा त इथंच हाये अजून!"