उत्तरेकडची बाग

एजंट म्हणाला, बाग उत्तरेला आहे,
म्हणून किंमत जरा कमी.
आवाज असा उतरवला त्यानं
जणू आतल्या खोलीत कुणी आजारी आहे.
मी ह्यांच्याकडे पाहिलं.
आमच्याकडे दक्षिणेचं दार म्हटलं
की मोठी माणसं चहाचा कप खाली ठेवतात,
आणि इथे दक्षिणेच्या उन्हासाठी
लोक वीस हजार पौंड जास्त मोजतात.
घेतलं घर. हडर्सफील्ड, चढावरची गल्ली,
काळ्या दगडाची भिंत, तिच्यावर शेवाळ.

पहिल्या वर्षी हट्टानं मेथी पेरली.
दोन इंच वाढली आणि आडवी पडली.
मिरचीला एक फूल आलं,
झेंडू गोगलगायींनी खाल्ला.

अकोल्याला मे महिन्यात
आम्ही बाज सरकवायचो सावलीमागे,
कडुलिंबाच्या बुंध्यापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत.
दुपार तेवढी लांब.
इथे संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी
कुंपणाच्या फटीतून ऊन यायचं, पंचाएवढं,
आणि मी खुर्ची उचलून त्याच्यामागे.

मागच्या घरातली डोरीन आर्मिटेज,
ब्याऐंशी वर्षांची, गुलाबांची मालकीण,
भिंतीवरून म्हणाली, "जे येत नाही
त्याची वाट किती पाहशील, पोरी?"
आणि वर्तमानपत्रात गुंडाळून नेचा दिला,
वर मूठभर रानलसणाचे कांदे.

नेच्यानं पहिलं वर्ष काहीच केलं नाही.
दुसऱ्या वर्षी मुठी वळून वर आला,
कुणाशी भांडायला निघाल्यासारखा,
मग एकेक बोट उघडत गेला.
एप्रिलमध्ये रानलसूण एवढा माजला
की पाट्याच्या जागी मिक्सर, पण चटणी तीच झणझणीत.
थालीपिठात घातला. ह्यांनी दोनदा मागून घेतलं,
तिसऱ्यांदा विचारलं, हे काय आहे?
सांडपाण्याच्या नळाशी, जिथे काहीच येईना,
तिथे जुनं बाक ठेवलं.

यंदाच्या जुलैत चौतीस डिग्री.
डोरीनचं गवत चिपाडासारखं वाळलं,
गुलाबांनी माना टाकल्या.
चार वाजता मागचं फाटक करकरलं.
घडीची खुर्ची काखेत, टोपी घामानं भिजलेली,
"तुझ्याकडे जरा बसू का?"

बस म्हटलं.
खुर्ची उघडायच्या आधी मी बाकावर सरकले.
पन्हं नव्हतं, लिंबूपाणी दिलं, जिऱ्याचं.
तिनं नाक मुरडून एक घोट घेतला,
मग दुसरा.
सहा वाजून वीस मिनिटांनी ऊन आलं.
दोघींनी पाय आत ओढून घेतले.