डावीकडची काच

श्रावण निम्मा सरला तरी घोटीकडचं आभाळ गळकंच,
आणि माझ्या वायपरचं रबर
चैत्र-वैशाखात उघड्यावर राहून
आंबोशीसारखं वाळलेलं.
पाणी पुसायचं सोडून
ते काचेवर रांगोळी काढायचं:
एक अर्धवर्तुळ, नेमकं डोळ्यांच्या उंचीवर,
समोरून ट्रक आला की भडकून उठणारं.

मागच्या सीटवर थर्माकोलचा डबा.
इगतपुरी, घोटी, वाडीवऱ्हे,
अठ्ठावीस जणांचं रक्त, लेबलं लावलेलं,
रात्री नऊच्या आत लॅबमध्ये पोचवायचं.
मुंढेगावपाशी मी खिडकीतून मान बाहेर काढून
अर्धा किलोमीटर गाडी चालवली.
ते घरी अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी द्वारका ओलांडून
मुश्ताकभाई कोकणींच्या टपरीत.
खिळ्यांना वायपर लटकलेले, बोंबील वाळत घालावेत तसे.
त्यांनी माझ्या रबरावरून नख फिरवलं,
म्हणाले, "हे तर लाकूड झालंय."

मग दोन समोर ठेवले.
एक चौकटीचा, सांधे-सांधे असलेला, एकशे साठ.
"गावात चालेल. घाटाखालून वारा आला
की मधेच उचलला जातो, आणि तुम्हाला वाटतं काच खराब आहे."
दुसरा बिनचौकटीचा, धनुष्यासारखा वाकलेला, तीनशे ऐंशी.
"हा काचेला धरून राहतो.
उजवीकडे बावीस इंची, डावीकडे सोळा."

म्हटलं, फक्त बावीसवाला द्या.
डावीकडे कोणी बसत नाही माझ्या,
पर्स असते, आणि छत्री, आणि अर्धी पोळीची गुंडाळी.

मुश्ताकभाईंनी आग्रह केला नाही.
टॉवेलची घडी काचेवर पसरली,
दांडा उभा केला, एका हाताने धरून ठेवला.
"हा नागडा दांडा सुटून आपटला ना,
तर काच गेली. सहा हजार."
खटका दाबला, जुना ओढला,
नवा आकड्यात सरकवला.
टक्.
मी पैसे मोजत होते तेव्हा
टॉवेल झटकत विचारलं,
"पायी चालणारा कोणत्या बाजूने असतो, मॅडम?"

पावसात उभं राहून मी विचार केला,
म्हणजे खरं तर केला नाही,
मला मुंढेगावचा तो अर्धा किलोमीटर दिसला.
मान उजवीकडून बाहेर.
डावीकडे काय होतं, कोण होतं,
मला माहीतच नाही.

सोळा इंचीही घेतला.
तीस रुपये मात्र कमी करून घेतलेच.

आठवड्याने पुन्हा तोच रस्ता, तीच वेळ.
आभाळ फाटल्यागत.
दोन्ही दांडे एकमेकांना चुकवत खाली-वर,
कुरकुर नाही, नुसता ओल्या फडक्याचा आवाज.
आणि डावीकडे, डांबराच्या अगदी काठाला,
खताच्या गोणीची खोळ पांघरलेलं कोणीतरी,
बाई की बुवा कळलं नाही,
हातात दोरी, दोरीला शेळी,
शेळी रस्त्याकडे ओढतेय, माणूस बांधाकडे.
मी डिपर मारला, गाडी उजवीकडे घेतली.
त्या व्यक्तीने हात वर केला.
आभार असतील, शिवीही असेल.
शेळीने तर पाहिलंही नाही.

सकाळी दारात गाडी पुसताना बघितलं:
काचेवर दोन स्वच्छ पंखे,
एक मोठा, एक धाकटा,
आणि दोघांच्या मधे, वरच्या अंगाला,
चिखलाचा एक त्रिकोण तसाच.
बावीस तिथवर पोचत नाही,
सोळाही नाही.
तो मी पदराने पुसला.
संध्याकाळी परत येतो.