काळी वाळू

उद्यमबागेतली ती फौंड्री बंद झाली तेव्हा
भट्टी कोल्हापूरच्या कुणीतरी नेली,
क्रेन भंगारात गेली,
आणि ऑफिसातले अकरा कॉम्प्युटर
कुणालाच नको होते म्हणून माझ्याकडे आले.
टेम्पोत रिकाम्या पोत्यांवर आडवे,
एकमेकांकडे तोंडं करून.

शहापुरात माझं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा.
फरशीवर जुनी चादर अंथरली, एकेक उघडला.
पंख्यांत वाळू होती.
नदीची नव्हे. साच्यातली, काळी, तेलकट,
जी मोल्डरच्या पापणीत बसते
आणि तीन साबणांनी निघत नाही.
रंगाच्या ब्रशनं झाडत गेले,
पेपरवर मूठभर साठली.
टाकवेना. औषधाच्या बाटलीत भरून ठेवली.
का, ते विचारू नका.

तीन मेलेलेच आले होते. त्यांच्या पोटातून
रॅम, पॉवर सप्लाय, एक शहाणा मदरबोर्ड काढून
एक उठवला. अकराचे नऊ झाले.
शेजारचा मल्लिकार्जुन शेट्टर म्हणाला,
"ताई, एवढ्या दिवसांत नवा आला असता की."
"होय की. कुणाच्या पैशानं?"
तो हसला, आणि चार स्क्रू धरून बसला.

मग पुसायचं काम.
डिस्कवर शून्यं लिहायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
एका डिस्कला एक रात्र.
लिहिण्याआधी आत डोकावायचं नाही
हा माझाच नियम.
डोकावले.
हजेरीपट. मार्च, दोन हजार चार.
टोकन, नाव, दिवस, ओव्हरटाइम, उचल.
११४. भरमा कल्लाप्पा हलगेकर. दिवस सव्वीस.
शेऱ्यात कारकुनानं विचारलेलं:
डोळ्यात ठिणगी. अर्धा दिवस धरावा की कसे?
पुढचा रकाना कोरा.
बटण दाबलं.
रात्रभर शून्यं चालत गेली
उचलीवरून, ओव्हरटाइमवरून, त्या डोळ्यावरून.
सकाळी डिस्क
धुऊन उन्हात ठेवलेल्या पाटीसारखी.

शिरगुंजी खानापूरच्या पुढे, रानाच्या कडेला.
एका आवारात दोन शाळा, मधे चिंच.
इकडे मराठी, तिकडे कन्नड,
पाण्याची टाकी एक,
दोन्ही हेडमास्तरांच्या मोटरसायकली एकाच सावलीत.
नऊ कसे वाटायचे?
पाच इकडे चार तिकडे, का उलट?
वीस मिनिटं दोघं आपापल्या भाषेत बोलले,
चहा आल्यावर एकमेकांच्या.
काय ठरलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही,
पण नऊच्या नऊ एकाच खोलीत लागले,
कारण चालू प्लग त्याच खोलीत होते.

कीबोर्डांवर कारकुनानं चिकटवलेली कन्नड अक्षरं
तशीच होती. एकावरचं म झिजून गेलेलं.
तिथं कुणीतरी स्केचपेननं आपला म काढला.
कन्नडच्या बाई वाकून बघत राहिल्या, म्हणाल्या,
"असू दे. वाचता येतंय."

"गेम हाय काय ह्यात?"
"नाही."
"मग काय हाय?"
"काहीच नाही. रिकामा आहे."
त्या पोराला हे भलतंच आवडलं.
"रिकामा हाय रे!" असं ओरडत
बाहेरच्या रांगेला सांगून आला.

मास्तर म्हणाले, आपापली नावं घाला.
पहिल्या रकान्यात नंबर, दुसऱ्यात नाव.
सहावी आली ती एका बोटाची,
अक्षर शोधायची, सापडलं की ओठ मिटायची.
प्रणाली. थांबली. परशराम. थांबली.
ह. ल.
हलगेकर या भागात ढिगानं आहेत.
मी विचारलं नाही.
गे वर बोट टेकलं आणि वीज गेली.

सगळी खोली 'आऽऽ' म्हणाली.
पंखे थोडा वेळ फिरत राहिले आणि थांबले,
आवाज स्वच्छ होता.
पोरं चिंचेखाली पळाली.
ती तशीच, काळ्या पडद्यासमोर,
बोट उचललं नव्हतं तिनं.