टेकाडावर रात्रपाळी

चार खड्डे, वर निळी ताडपत्री.
दिवसा मॅडम आणि त्यांची पोरं ब्रशानं माती झाडतात.
रात्री मी. शालिक खोब्रागडे, नाईक, निवृत्त.
पगार रोजीचा, टॉर्च माझा.

मंगळवारी पंचफुलाच्या चाळणीत एक मुंडकं आलं,
रुपयाएवढं, मातीचं, वर दोऱ्यासाठी भोक.
मॅडम म्हणाल्या, रोमचा राजा.
म्हणजे त्याच्या नाण्याची नक्कल,
माती मात्र याच नाल्याची.
"बनवणाऱ्यानं याले पाह्यलं होतं का जी?"
"नाही."
"तरीच. नाक माह्या भासऱ्याचं झालं."

भाकरीच्या वेळी त्यांनी फोनवर दाखवलं:
गावभराचा एकच हमामखाना, भिंतीतून वाफ खेळवलेली;
गोल मैदान, माणूस माणसाला कापतो, लोक पायऱ्यांवर.
बरं, म्हणालो.
मग लाकडाची एक पातळ चिपटी.
थंड मुलखातल्या ठाण्यावर
कुण्या शिपायाला कुणीतरी लिहिलेलं:
पायमोजे पाठवले आहेत. चड्ड्या दोन.

मी भाकर खाली ठेवली.

तंगधारला अठरा महिने होतो.
माय पार्सलात जवसाची चटणी घाली,
पुडी फुटे, मोजे लाल, तेलकट.
तेच चढवून गारद दिली बर्फात,
मुंग्या लागतील असं वाटायचं, तिथं मुंगी कुठली.

त्यातले कितीतरी शिपाई रोमचे नव्हतेच, मॅडम सांगत होत्या,
जिंकलेल्या मुलखातले, कुठल्या कुठल्या बोलीचे.
पंचवीस वर्षं भरली की
काशाच्या पत्र्यावर कोरून मिळे:
आजपासून तू आमचा.

माझं डिस्चार्ज बुक ट्रंकेत आहे, कागदाचं.
ते घेऊन गावात उतरलो तेव्हा
पारावरून कोण काय बोललं,
ते मॅडमना सांगितलं नाही.

खाली समाजभवन उठतंय.
झिंगरू मिस्त्री सिमेंटचे चार खांब ओढतोय, धारीधारीचे,
उमरेडच्या एका मंगल कार्यालयाचा फोटो पाहून.
ठेकेदार त्याला रोमन म्हणतो.
वरची वळलेली पानं झिंगरूनं पळसाची केली,
म्हणे, "दुसरे येत नाही मले."

मुंडकं पत्र्याच्या पेटीत आहे, कापसावर, नंबर सत्तावन्न.
दोनदा उठून कुलूप ओढून पाहिलं.
अडीचच्या सुमाराला नाल्याकडे काही हललं,
आणि तोंडातून आपोआप गेलं,
हुकुमदार!

रानडुक्कर होतं.
पऱ्हाटीत शिरलं.