बासष्टावा खांब

शनिवारची दुपारपाळी संपवून अनंता येतो
आणि आम्ही कळव्याहून निघतो,
मागच्या सीटवर पहार, घमेली, पिठाचा डबा
आणि त्यांच्या मधोमध नाना.
सरळगाव मागे पडलं की
काचेवरचं धुकं आतलं की बाहेरचं
यावर मुलांचं भांडण.

सोळा गुंठे.
घेतले तेव्हा माझा भाऊ म्हणाला, त्या दगडांत काय पिकणार?
दगडच पिकतात.
मिहीर घमेल्यामागे एक रुपया घेतो वेचायचा.
दिवाळीपासून त्याचे एकशे चाळीस झाले,
जमीन आहे तेवढीच दगडी.

सकाळी पहार हाताला चावते.
गोरखगडाचा सुळका तेवढा उन्हात,
आम्ही अजून सावलीत,
तीन दगडांवर चहा, धूर उठत नाही,
गुडघ्याएवढाच रांगतो.
नाना गोणपाटावर बसून खिळे सरळ करतात,
कारखान्यातून आणलेल्या खोक्यांचे, गंजके.
नवे मिळतात हो, मी एकदा म्हटलं.
मिळतात, म्हणाले, आणि पुढचा घेतला.

मुक्ता कोपऱ्यात सुतळी ताणते:
तीन फूट इकडे, चार फूट तिकडे,
तिरकं पाच भरलं की कोपरा काटकोनात.
खरं निघालं पुस्तकातलं, म्हणाली,
जरा रागावूनच.

आंब्याचे खड्डे नऊ झाले.
ते उघडेच ठेवायचे, ऊन खाऊ द्यायचं मेपर्यंत.
वालाच्या दोन ओळी माझ्या.
ओलीवर टोचले होते,
आता नुसत्या दवावर वाढताहेत,
आम्ही नसतो तेव्हाच जास्त.

आणि खांब. सिमेंटचे, बासष्ट, मोजून आणलेले.
चार रविवार गेले त्यात.
एकसष्ट उभे राहिले,
शेवटच्या खड्ड्याला पहार उसळायला लागली.
कातळ नाही, मुरूम नाही, साधी माती,
पण कुणी वर्षानुवर्षं चोपून ठेवल्यासारखी.
इथंच काय झालंय हिला? अनंता म्हणाला,
शर्ट काढून पुन्हा भिडला,
दोन फूट गेला खाली.

मान वर केली तर बाया उभ्या.
पाच जणी, डोक्यावर लाकडाचे भारे,
तारेच्या पलीकडे, एकामागे एक.
भारा कुणीच उतरवला नव्हता.
पुढची, बुधीबाई, पाड्यावरची, म्हणाली,
होऊ द्या तुमचा काम. आमी थांबतांव.

मग कळलं माती कशाने घट्ट होती.

अनंताने घाम पुसला, माझ्याकडे पाहिलं,
मी वालाकडे.
सातबाऱ्यावर वाट नाही, तो हळूच म्हणाला,
बायांना ऐकू जाऊ नये असा.
खिळ्यांचा आवाज थांबला होता.
जमिनीवं हाय, नाना म्हणाले.
बुजव.

काढलेली माती परत मावत नाही खड्ड्यात,
वर उंचवटा राहतोच.
मुक्ताने चारही तारा सोडून
अलीकडच्या खांबाला गुंडाळल्या,
बोटाला लागलं तिच्या, बोलली नाही.
बाया आत आल्या, उंचवट्यावरून,
पायाने तो दाबत, न बघता.
तिसरीचा हात मोकळा होता.
जाता जाता तिने
जमिनीवर लोळणारा वालाचा एक वेल उचलला
आणि काठीवर चढवून दिला.

बासष्टावा तिथेच आडवा पडलाय.
दोन दगडांवर ठेवू, पायरीला लावू,
साडेचारशे रुपयांचा आहे,
अनंता दर रविवारी एकदा तरी म्हणतो.
परवा ठेवला दोन दगडांवर, झाडाखाली.

या रविवारी पाहिलं तर
त्याच्यावर साल सांडलेली, थोड्या काटक्या,
आणि एका टोकाला विडीचं थोटूक.
मिहीरने काटक्या गोळा केल्या चुलीसाठी
आणि विचारलं,
यांचे किती?