खापर

टेफ्लॉनच्या भिंतीत सुईच्या टोकाएवढं भोक,
त्यावर ब्रशनं लिपिडचा थेंब ओढते.
आधी मोरपंखी, मग पिवळसर,
मग काळं.
काळं दिसलं म्हणजे जमलं,
दोन रेणूंइतकं पातळ पटल.

बांभोरीच्या पुलावरून केळीचा ट्रक जातो.
फुटलं.

वहीत लिहिते : सात मिनिटं. चार. अकरा.
बावीस. पुन्हा चार.

धुडकूभाऊ काचा धुता धुता म्हणतो,
"खाल्ये खापर नही, मंग मांडा कसा टिकी?"
त्याची बायको लग्नाघरी मांडे करते;
कोपरापर्यंत झुलणारं पीठ
फाटायच्या आत खापरावर टाकते.

खाली अगारचा जेल ओतला, ओलसर, मऊ.
वर पुन्हा तोच थेंब.

ट्रक गेला.
दुसरा गेला.
रात्री गिरणेवरून वारा आला, खिडकी आपटली,
पडद्यावरची रेघ सरळच.

एकोणीस तासांनी
निंभोऱ्याच्या विहिरीचं पाणी सोडलं, दोन थेंब.
रेघेनं एक पायरी घेतली,
मग अजून एक.
फवारणीचं औषध. इतकं कमी,
की जिभेला पाणी गोडच लागावं.

विहीर मामांची.
नळाखाली ब्रश धरून मी उभी.
धुडकूभाऊ विचारतो, "टिकनं का?"
"टिकलं," म्हणते.